लाल औषधाचे खाते



सप्टेंबरची २५ तारीख आली की आमच्या चिरनेर गावात गर्दी होते. १९३० साली याच दिवशी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांना मानवंदना द्यायला पंचक्रोशीतली माणसे स्मारकावर येतात. आमची मावशी दरवर्षी पहाटेच उठून, आंघोळ करून, पांढरे लुगडे नेसून आमच्या आधी तिथे पोहोचलेली असायची. आम्हाला उशीर झाला तर वर ऐकवायची, "कचेरीत उशिरा जातोस तसाच इथंबी येतोस का रे?"

२०२२ सालच्या २५ सप्टेंबरला रविवार होता. त्या दिवशी मावशी घरापासून स्मारकापर्यंतच्या वाटेत दोनदा खाली बसली. एकदा कुणाच्या ओट्यावर, एकदा रस्त्याच्या कडेच्या दगडावर. "जीव वर येतो रे," एवढेच बोलली. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि जून ते ऑगस्ट या काळात तिने चार वेळा किमो घेतली होती. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने निदान करून टाकले की किमोचा अशक्तपणा आहे, दुसरे काय असणार! आम्ही स्वतः तिला सांगितले, "मावशे, आराम कर, नाचणीची पेज पी, भरून येईल." सामाजिक कामात वीस वर्षे रुग्णांना दवाखान्यात पोहोचवणारे आम्ही, आमचाच सल्ला असा निघाला.

पुढच्या आठवड्यात तिचे पाय सुजले. आम्ही म्हणालो, बसून बसून सुजले. मग रात्री खोकला सुरू झाला. आम्ही म्हणालो, पावसाळा सरतोय, हवा बदलली. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी विचारले, "आधी काही आजार?" आम्ही म्हणालो, "कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत." कोणते औषध, किती, केव्हा, हे सांगता येईना. फाईल मावशीच्या पेटीत आणि पेटीची किल्ली नेरूळला राहणाऱ्या मुलाकडे. डॉक्टरांनी समोर दिसला तो खोकला पाहिला आणि खोकल्याचे औषध दिले. त्यांचा दोष नाही. हिशेबाचा कागदच आम्ही पुढे ठेवला नाही तर ताळेबंद कसा जुळायचा?

असे तीन आठवडे गेले. शेवटी मावशी आडवी होऊन झोपेनाशी झाली. भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच डोळा लागायचा. ठरलेल्या तारखेला मोठ्या रुग्णालयात गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, रात्री किती उशा घेता?" आम्ही चकित झालो. उशांचा आणि कर्करोगाचा काय संबंध? संबंध होता, आणि तो समजून घेण्यासाठीच आजचे हे सदर आहे.

लाल औषध म्हणजे काय?

त्याच दिवशी हृदयाची सोनोग्राफी झाली. तिला टू-डी इको म्हणतात. निरोगी हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरला की दर ठोक्याला त्या शंभर भागांतले पन्नास-पंचावन्नहून अधिक भाग बाहेर फेकतो. मावशीचा किमोपूर्वीचा आकडा ६२ होता. आता तो ३८ वर आला होता. हृदयाचा पंप ढिला पडला होता, आणि पंप ढिला पडला की पाणी मागे तुंबते. फुप्फुसांत तुंबले की धाप आणि खोकला, पायांत तुंबले की सूज. आडवे झाल्यावर फुप्फुसांतले तुंबलेले पाणी अधिक जाणवते, म्हणून माणूस एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा करतो. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न त्यासाठी होता.

मावशीला जे औषध मिळाले त्याचे नाव डॉक्सोरुबिसिन. रंगाने लाल, म्हणून वॉर्डात सगळे त्याला 'लाल इंजेक्शन' किंवा 'लाल औषध' म्हणतात. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. एपिरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही याच औषधाची भावंडे. स्तनाचा कर्करोग, लसीकेच्या गाठी, रक्ताचा कर्करोग, हाडाचा कर्करोग, लहान मुलांचे कितीतरी कर्करोग यांत ही औषधे वापरतात.

या औषधाचा जन्म मातीतला आहे. इटलीच्या दक्षिणेला एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून शास्त्रज्ञांनी लाल रंगाचे द्रव्य वेगळे काढले. ते कर्करोगाच्या पेशी मारते असे दिसून आले. त्यातूनच पुढे डॉक्सोरुबिसिन निघाले आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन हे दुसरे नाव मिळाले. १९६०-७० च्या दशकांत या औषधांनी हजारो जीव वाचवले. पण त्याच काळात डॉक्टरांच्या लक्षात आले की काही रुग्णांचा कर्करोग आटोक्यात येतो आणि हृदय मात्र थकते.

असे का होते? हे औषध कर्कपेशीच्या गुणसूत्रांचे धागे तोडते, म्हणून ती मरते. हृदयाच्या स्नायूंच्या पेशींतही त्या धाग्यांची गुंतागुंत सोडवणारा एक मदतनीस पदार्थ असतो. औषध त्यालाही जाऊन चिकटते. शिवाय पेशीतल्या लोहाशी त्याची गाठ पडून प्राणवायूचे दाहक कण तयार होतात आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी भट्टीच बिघडते. केस गळतात ते पुन्हा येतात, तोंड येते ते बरे होते, कारण त्या पेशी नव्याने तयार होतात. हृदयाच्या पेशी मोठ्या माणसात नव्याने फारशा तयार होत नाहीत. गेली ती बहुधा गेलीच.

मागील पानावरून पुढे

आम्ही बी.कॉम. झालेलो, आयुष्य खतावणीच्या वह्यांत गेले. डॉक्टरीणबाईंनी पुढे जे सांगितले ते आम्हाला लगेच उमगले. त्या म्हणाल्या की लाल औषधाचा हिशेब एका डोसाचा नसतो, तो जन्मभराचा असतो. आज घेतले आणि उद्या विसरले, असे चालत नाही. प्रत्येक डोस त्या माणसाच्या खात्यावर चढतो आणि शिल्लक 'मागील पानावरून पुढे' ओढली जाते. दहा वर्षांनी पुन्हा औषध द्यायची वेळ आली तरी जुनी शिल्लक धरूनच बेरीज करावी लागते.

ही बेरीज कशी करतात ते पाहू. उंची आणि वजन यांवरून डॉक्टर शरीराचे क्षेत्रफळ काढतात. मावशीचे ते दीड चौरस मीटर भरले. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम या मापाने तिला एका वेळी ९० मिलिग्रॅम औषध मिळाले. चार वेळचे मिळून ३६० मिलिग्रॅम, म्हणजे दर चौरस मीटरला २४०. तिच्या खात्यावरची शिल्लक २४०.

आता धोका कुठे सुरू होतो? अमेरिकेत १९७९ साली सुमारे चार हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकूण मात्रा ४०० झाली तेव्हा शंभरांत तिघांचे हृदय कमजोर पडले होते, ५५० ला सात जणांचे आणि ७०० ला अठरा जणांचे. पुढे २००३ साली ६३० रुग्णांचा अधिक काटेकोर हिशेब मांडला गेला, तेव्हा आकडे याहून वाईट निघाले. ४०० ला शंभरांत पाच, ५५० ला सव्वीस, ७०० ला अठ्ठेचाळीस. म्हणून डॉक्टर साधारणपणे ४५० ते ५५० च्या पुढे जाऊ देत नाहीत. आणि आता २५० च्या पुढे गेलेल्या माणसावर जास्त लक्ष ठेवावे असे मानतात.

मग मावशीची शिल्लक २४० च असताना तिला त्रास का झाला? याचे उत्तर तिच्या घरात, म्हणजे आमच्याच घरात होते. वय ६१. रक्तदाब आठ-दहा वर्षांपासून वाढलेला, पण गोळी "बरे वाटते आहे" म्हणून अधूनमधून बंद. जोडीला मशेरी. जेवणात सुकी मासळी, खारवलेले मासे, पापड, लोणचे, म्हणजे मीठच मीठ. हृदय आधीच ओझे वाहत होते, त्यावर लाल औषध पडले. साठीच्या पुढचे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा हृदयविकार, तंबाखू आणि छातीवर झालेले रेडिएशन, यांपैकी काहीही असेल तर कमी मात्रेतही धोका असतो. लहान मुलांचे हृदय तर अधिकच नाजूक.

दुसरी औषधे

लाल औषध एकटेच नाही. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार 'हर-टू' नावाचा आहे. त्यावर ट्रॅस्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन बहुधा वर्षभर देतात. १९९८ साली ते अमेरिकेत आले तेव्हा त्याची किंमत ऐकून गरिबाने हात जोडावेत अशी होती. २०१४ पासून बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीसह भारतीय कंपन्यांची औषधे आल्याने ते बरेच स्वस्त झाले. या औषधानेही हृदयाचा पंप ढिला पडू शकतो. मात्र यात पेशी मरत नाहीत, सुस्तावतात. औषध काही काळ थांबवले आणि हृदयाची गोळी दिली की बहुतेकांचे हृदय पूर्ववत होते. म्हणून हे औषध चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी इको करतात. ती तारीख चुकवू नये.

आतड्याच्या, पोटाच्या, स्तनाच्या आणि कधी तोंड-घशाच्या कर्करोगात फाइव्ह-एफ-यू किंवा कॅपेसिटाबिन नावाची औषधे देतात. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात. त्यांनी काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हार्ट अटॅकसारखे छातीत दुखते, तेही बहुधा पहिल्या काही दिवसांतच. असे झाले तर पुढची गोळी घेऊ नये, तडक रुग्णालय गाठावे. "उद्या बघू" म्हणू नये.

डाव्या स्तनाला रेडिएशन देताना हृदय किरणांच्या वाटेत येते. छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखला की हृदय थोडे मागे सरकते, आणि तेवढ्या अवधीत किरण देतात. ही सोय आता अनेक ठिकाणी आहे. आपल्या रुग्णालयात आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

हृदयाचे रक्षण कसे करतात?

पहिला उपाय हिशेबाचा, तो वर सांगितलाच. दुसरा तपासणीचा. युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली कर्करोग रुग्णांच्या हृदयाविषयी पहिली सविस्तर मार्गदर्शिका काढली. तिच्यात सांगितले आहे की लाल औषध सुरू करण्यापूर्वी इको व्हावा आणि उपचार संपल्यावर वर्षाच्या आत पुन्हा व्हावा. ज्यांना धोका जास्त त्यांचा मध्येही व्हावा. इकोचा आकडा दहा किंवा अधिक अंकांनी घसरून ५० च्या खाली आला तर ती धोक्याची घंटा समजतात. ट्रोपोनिन नावाची रक्ताची एक तपासणी आहे, ती पंप ढिला पडण्याच्या आधीच पेशींना लागलेली इजा दाखवू शकते.

तिसरा उपाय औषधांचा. डेक्सराझॉक्झेन नावाचे इंजेक्शन लाल औषधाच्या अर्धा तास आधी शिरेतून देतात. ते पेशीतले लोह बांधून ठेवते आणि त्या मदतनीस पदार्थाचेही रक्षण करते. अमेरिकेत त्याला १९९५ साली परवानगी मिळाली. ते सरसकट सर्वांना देत नाहीत. ज्यांच्या खात्यावर मोठी मात्रा चढणार आहे किंवा ज्यांचे हृदय आधीच अधू आहे, त्यांना देतात. दुसरी युक्ती अशी की लाल औषध चरबीच्या सूक्ष्म कुपीत भरायचे, म्हणजे ते हृदयात कमी उतरते आणि गाठीत जास्त. याला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन म्हणतात. २०१२ साली अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या सरकारने आपल्याकडच्या सन फार्माचे 'लिपोडॉक्स' मागवायला परवानगी दिली होती. आपल्या देशात बनलेल्या औषधाने तिकडच्या रुग्णांची वेळ निभावली, ही अभिमानाची गोष्ट. पण सर्व प्रकारच्या कर्करोगात ते मूळ औषधाची जागा घेत नाही, हेही खरे.

चौथा उपाय साध्या गोळ्यांचा, आणि आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एनालाप्रिल ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. इटलीतील मिलान शहरात २००६ साली ११४ रुग्णांवर अभ्यास झाला. भारी किमोनंतर या सर्वांचे ट्रोपोनिन वाढले होते. निम्म्यांना एनालाप्रिल दिली, निम्म्यांना नाही. वर्षभरात गोळी न मिळालेल्या शंभरांतील ४३ जणांचे हृदय कमजोर पडले. गोळी मिळालेल्यांत एकाचेही नाही. २०२३ साली अमेरिकेत लसीकेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिन गोळीनेही फायदा दिसला. पण त्याआधीच्या एका अभ्यासात तसा फायदा दिसला नव्हता. म्हणजे कोणाला काय द्यायचे हे तज्ज्ञानेच ठरवायचे. हे वाचून कोणी मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून घ्यायला लागेल तर आमचे लिहिणे वाया गेले असे समजू. या गोळ्यांनी रक्तदाब फार उतरू शकतो, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

वेळ हेच औषध

त्याच मिलानच्या डॉक्टरांनी २०१० साली आणखी एक हिशेब मांडला, आणि तो वाचल्यापासून आमच्या मनाला टोचणी लागली आहे. लाल औषधाने ज्यांचे हृदय कमजोर पडले होते अशा २०१ रुग्णांना त्यांनी हृदयाच्या गोळ्या दिल्या. किमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत गोळ्या सुरू झाल्या त्यांच्यापैकी शंभरांत ६४ जणांचे हृदय पूर्ण सावरले. सहा महिन्यांनंतर सुरू झाल्या त्यांच्यात पूर्ण सावरलेला एकही नव्हता.

मावशीचे लाल औषध ८ ऑगस्टला संपले होते. २५ सप्टेंबरला ती दगडावर बसली तेव्हा सात आठवडे झाले होते. आम्ही तिला गोळ्यांपर्यंत पोहोचवले तेव्हा दहा आठवडे उलटले होते. मधले तीन आठवडे नाचणीच्या पेजेत आणि खोकल्याच्या बाटलीत गेले.

मावशी सावरली. वर्षभर नियमाने गोळ्या घेतल्या, मीठ तोडले, मशेरी सोडली. ३८ चा आकडा ५१ वर आला. ६२ वर पुन्हा गेला नाही. ते तीन आठवडे मिळाले असते तर गेला असता का, हे आम्हाला कोणी सांगू शकत नाही. ती आम्हाला काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तू तरी काय करणार? तुला काय म्हायती?" हे वाक्य आम्हाला शिवीपेक्षा जड गेले. कारण माहिती असणे हेच तर आमचे काम.

घरी काय करावे?

आता कामाच्या गोष्टी. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, फाईल नंबर, रक्तदाब, मधुमेह आहे की नाही ते लिहा. पुढे रकाने आखा: तारीख, औषधाचे नाव, मात्रा, आजवरची बेरीज, वजन, रक्तदाब, इकोचा आकडा. औषधाचे नाव आणि मात्रा नर्सबाईंना विचारून लिहून घ्या, त्या सांगतात. उपचार संपले की डिस्चार्जचा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवा. पेटीची किल्ली एकाकडे आणि पेटी दुसरीकडे, असे करू नका. रोग पुन्हा उद्भवला आणि जुना कागद नसेल तर डॉक्टरांना खाते भरलेलेच आहे असे धरून चालावे लागते, आणि कदाचित उपयोगी पडले असते असे औषध हातचे जाते.

कोणत्याही दवाखान्यात, अगदी दात काढायला गेलात तरी सांगा, "मला लाल औषध मिळालेले आहे, एवढे मिळालेले आहे."

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, पाणी असते. नेहमीच्या वाटेवर धाप, घोट्यावर बोट दाबले तर खड्डा, रात्री दचकून उठवणारा खोकला, उशांची वाढती संख्या, छातीत धडधड, चक्कर, यांपैकी एक जरी दिसले तरी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. अशक्तपणा किमोने येतो हे खरे, पण अशक्तपणाने माणूस आडवा पडतो. आडवे पडल्यावर ज्याला उठून बसावे लागते त्याचे हृदय तपासा.

रक्तदाबाची आणि साखरेची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. तंबाखू, मशेरी, बिडी आजच सोडा. जेवणावर वरून मीठ नको. सुकी मासळी आपल्या भागात रोजची भाजीच आहे, हे आम्हाला कळते. पण किमोच्या काळात खारवलेली मासळी, पापड, लोणचे बाजूला ठेवा, ताजी मासळी, डाळ, अंडी खा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज थोडे चाला. दिवसभर खाटेवर ठेवणे ही माया नव्हे.

काढे, भस्मे, जडीबुटी डॉक्टरांना न सांगता देऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत बातमी आली होती की आपल्या शेजारच्या खारघरच्या टाटा केंद्रातील शास्त्रज्ञांनी द्राक्षात आढळणारे एक द्रव्य आणि तांबे यांची गोळी शोधली, ती किमोचे दुष्परिणाम कमी करील. ते संशोधन खरे आहे. पण त्यातला बराच भाग उंदरांवरचा आणि थोड्या रुग्णांवरचा, त्यावर मोठ्या तपासण्या व्हाव्या लागतात. आमच्याकडे मात्र काहींनी लगेच रुग्णाला तांब्याच्या लोट्यातले पाणी सुरू केले. बातमी आणि औषध यांत फरक असतो, एवढे ध्यानात ठेवा.

लहानपणी कर्करोगातून उठलेली मुले आता तरुण झाली आहेत. त्यांच्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून 'ॲक्ट' नावाचा खास दवाखाना चालतो. उपचार संपल्यावर पुढे कित्येक वर्षे अशा मुलांची तपासणी होते, कारण हृदयाची कमजोरी दहा-वीस वर्षांनीही डोके वर काढू शकते. आपल्या घरात अशी मुलगी असेल तर लग्नानंतर, बाळंतपणाआधी तिचा इको अवश्य करा. गरोदरपणात हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते. ही गोष्ट सासरी लपवू नका. लपवलेला आजार लग्न वाचवील, पण मुलगी गमवील.

पैशांचे म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची २०१२ साली सुरुवात झाली ती पहिल्या आठ जिल्ह्यांत, आणि त्यांत आपला रायगड होता. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी होते. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतची सोय आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, इको आणि तपासण्या त्यात बसतात का ते आधीच विचारा.

शेवटी एक कळकळीची विनंती. हे वाचून घाबरून कोणी किमो अर्धवट सोडू नये. लाल औषध घेणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येच्या लोकांना हृदयाचा काहीही त्रास होत नाही, आणि कर्करोग मात्र उपचार सोडणाऱ्याला सोडत नाही. मावशी आज आहे ती त्या औषधामुळेच. सांगावयाचे ते एवढेच की औषध घ्यावे, पण खाते लिहून घ्यावे.

येत्या २५ सप्टेंबरला मावशी पुन्हा स्मारकावर येणार आहे. हळूहळू चालते, वाटेत एकदा बसते, पण धाप लागत नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिन असतो. त्या आठवड्यात आपापल्या वस्तीत रक्तदाब तपासण्याचे काम तरुणांनी हाती घ्यावे. एक मशीन, एक टेबल आणि दोन शिकलेली मुले पुरतात. आणि ज्या घरी किमो चालू आहे त्या घरी जाऊन एवढेच विचारावे, "वही लिहिता का? आणि रात्री उशा किती घेता?"